चोरीचा मॉन्स्टेरा

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. लग्नात "ओळखलंस का मला?" म्हणत समोर उभ्या ठाकणाऱ्या मावश्यांना मी गेली वीस वर्षं "अय्या, किती दिवसांनी!" एवढ्या एका वाक्यावर निभावून नेतेय. त्या मानाने झाडं बरी. झाड केस रंगवत नाही, बारीक होत नाही, आज पाहिलं तसंच उद्याही दिसतं, अशा समजुतीत मी या छंदात पडले.

सुरुवात मॉन्स्टेरापासून झाली. घरसजावटीच्या प्रत्येक फोटोत सोफ्यामागे तो असतो. मोठमोठी पानं, कडेपासून फाटलेली, मधे भोकं. आमच्याकडे सोफा होता, मागे फक्त भिंत होती. म्हणून नर्सरीत गेले. नर्सरीवाल्याच्या दप्तरी सगळ्या झाडांना मिळून दोनच नावं असतात: 'शो प्लांट' आणि 'इम्पोर्टेड शो प्लांट'. दुसऱ्याची किंमत तिप्पट. मॉन्स्टेरा म्हटल्यावर त्याने एक कुंडी पुढे सरकवली. तीन पानं, विड्याच्या पानासारखी, अखंड, गुळगुळीत.

"याला भोकं कुठायत?"

"लहान आहे ताई अजून. मोठा झाला की पडतील."

बारशाला आल्यासारखं बोलत होता. जरा मोठं होऊ दे, मग कान टोचू! मी काही कालची नाही. "येते नंतर" म्हणून तिथून सटकले.

आणि घरी येताना साक्षात्कार झाला. आमच्या सोसायटीत पंपरूमच्या मागे जुना पर्जन्यवृक्ष आहे. त्याच्यावर एक वेल पार तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलेली. पानं सुपाएवढी आणि कडेपासून मधल्या शिरेपर्यंत कात्रीने कापल्यासारखी फाटलेली. बारा वर्षं मी त्याच्याखाली स्कूटर लावत होते! पानांवर पिवळे शिंतोडे होते खरे, पण त्याच वर्षी बिल्डिंगला रंग दिला होता, तेव्हा ते मी रंगाऱ्यांच्या खात्यावर टाकले.

शनिवारी रात्री साडेदहाला भाजीची पिशवी आणि नारळ सोलायचा कोयता घेऊन मी पंपरूममागे गेले. फांदी जाड, खोडाला मुळांनी असा घट्ट विळखा घातलेला की ओढताना सालीचे तुकडे निघून आले. तेवढ्यात अंगावर टॉर्च पडला. वॉचमनकाका.

"मॉन्स्टेरा आहे," मी कुजबुजले. जणू त्यामुळे कलम बदलणार होतं.

"न्या की ताई," काका म्हणाले. "हा चोरीचाच लागतो."

या वाक्यात सगळं उत्तर होतं. माझं लक्ष हाताकडे होतं, कारण हात खाजायला लागला होता. घरी येऊन आईला फोन केला. झाड न बघता, फोटो न मागता ती म्हणाली, "अळूच्या जातीतलं दिसतंय. चिंच लाव." पुढे वाचलं तेव्हा कळलं की अळू, सुरण, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सगळी एकाच कुळातली. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या टोचतात. आईने घराणं अचूक सांगितलं होतं, पोस्टमनने कॉलनी बरोबर सांगावी तसं, फक्त घर नंबर राहिला.

फांदी कुंडीत लावली, सोफ्यामागे ठेवली, पाहुण्यांना दाखवली. मग नवं पान आलं. ताटाएवढं. त्याच्यानंतरचं ताटलीएवढं, आणि फक्त एका बाजूला एक चीर. चार महिन्यांनी आलेलं पान वाटीएवढं होतं. अखंड, गुळगुळीत. झाड माझ्या डोळ्यांदेखत लहान होत चाललं होतं. खत घातलं, पाणी वाढवलं, कमी केलं, कुंडी फिरवली.

शेवटी मोबाइलमध्ये झाड ओळखणारं ॲप घेतलं. जुन्या पानाचा फोटो दिला: मॉन्स्टेरा. मधल्या पानाचा दिला: राफिडोफोरा. नव्याचा दिला: फिलोडेंड्रॉन. एकाच कुंडीत तीन झाडं, आणि तिन्ही एकाच देठाला लागलेली.

निकाल लावला आमच्या कामाच्या मावशींनी. धूळ पुसताना त्यांनी ती कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, जिथे जॅमच्या बाटलीत आमचा मनीप्लांट सात वर्षं सुखाने राहतोय. "ताई, हा मनीप्लांट फार पसरलाय," त्या कुंडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याची एक फांदी त्याच्या बाटलीत खोचू?"

दोन्ही पानं शेजारी धरली. तोच आकार, तेच पिवळे शिंतोडे. मी रात्री साडेदहाला, कोयता घेऊन, घरात असलेला मनीप्लांट चोरून आणला होता.

तर हा मनीप्लांट मुळात ताहितीशेजारच्या मोओरिया बेटावरचा. बाटलीत किंवा लोंबत राहिला तर जन्मभर बाळपानंच काढतो. धरायला खोड मिळालं की चढतो, आणि जसा वर जाईल तसं प्रत्येक पान मागच्याहून मोठं. शेवटी मीटरभर लांब होऊन फाटायला लागतं. खाली काढून आधाराविना कुंडीत लावा, पुन्हा बाळसं. यात माझी एकटीची फसगत झाली असती तर वाईट वाटलं असतं, पण शास्त्रज्ञांनी याची चार बारशी केलीत: १८८० मध्ये पोथॉस, १९०८ मध्ये सिंडॅप्सस, १९६३ मध्ये राफिडोफोरा आणि वर्षभरातच, १९६४ मध्ये, एपिप्रेम्नम. कारण त्यांना गोत्र ठरवायला फूल लागतं आणि हा गृहस्थ जवळजवळ फुलतच नाही. २०१६ मध्ये त्याचंही कारण सापडलं: फुलण्यासाठी लागणारं गिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याच्या अंगात पुरेसं तयार होत नाही. अंगापिंडाने एवढा थोराड, आणि लग्नाचं नाव नाही.

तेव्हापासून मी पानाच्या तोंडाकडे बघणं सोडलंय. देठ बघते. फिलोडेंड्रॉनचं नवं पान स्वतंत्र पातळ टोपडं घालून येतं, ते मग वाळून गळतं. मनीप्लांटचं नवं पान आधीच्या पानाच्या देठाला चिकटून, त्याच्याच पदरातून बाहेर पडतं. हे ज्ञान फार वाईट. परवा एका हळदीकुंकवात यजमानीणबाईंनी कौतुकाने दाखवलेल्या 'रेअर फिलोडेंड्रॉन'पुढे मी उकिडवी बसले, देठ वाकवून पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मनीप्लांट आहे हा." वाण न देताच मला निरोप मिळाला.

गेल्या आठवड्यात, वर्षभराने, त्याच नर्सरीत गेले. ती कुंडी होती. तीन पानांची सात झाली होती. खालची अजून विड्याच्या पानासारखी, पण सर्वांत वरच्या पानाला दोन्ही बाजूंनी स्वच्छ चिरा. माणूस खरं बोलला होता. मॉन्स्टेराचीही बाळपानं अखंडच असतात.

"केवढ्याला?"

त्याने सांगितलेला आकडा मागच्या वेळच्या तिप्पट होता.

"अहो, मागे शो प्लांट होता ना हा?"

"आता पानं फाटली ना ताई," तो म्हणाला. "इम्पोर्टेड झाला."

मी इकडेतिकडे पाहिलं. वॉचमन नव्हता. कॅमेरा होता.