शून्याला दहानं गुणा, बाप्पा!

परतवाडा सोडून गाडी मेळघाटात शिरली, फोनवरच्या काड्या गेल्या, की कोणीतरी बोलतंच, "एक सिग्नल बूस्टर घेऊन टाक ना बे!"

काहून? बूस्टर काय सिग्नल पिकवतो? बाहेर काही आलं तरच तो वाढवणार ना! शून्याला दहानं गुणून काय हाती येते?

आणि परवान्याशिवाय असलं यंत्र लावणं बेकायदा आहे, हे विकणारा कधी सांगतो? एक अँटेना टपावर, दुसरी बरोब्बर तिच्या खाली. मग आतलीचं बाहेरची ऐकते, माइकच्या शिट्टीसारखं यंत्र स्वतःशीच बोंबलतं, अन् टॉवरवर गावभराच्या कॉलचा चुथडा. वा रे सोय!

सिग्नल वाढवते म्हणून विकतात ते फोनच्या पाठीवरचं सोनेरी स्टिकर? त्यापेक्षा नारळ फोडा.

घ्यायचंच तर बाहेरच्या अँटेनाचे दोन सॉकेट असलेला ४जी राउटर घ्या. दोन! एकच वायर खुपसून स्पीडसाठी रडू नका. केबल दोन-तीन मीटर बस. बारीक वायर दहा मीटर ओढली, की ४जीच्या १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यावर निम्म्याहून जास्त सिग्नल तीच गिळते, मग अँटेना कितीही महागडी आणा. एकाच दिशेला ऐकणारी अँटेना चालत्या गाडीवर कोण लावतं? पहिल्याच वळणाला टॉवर मागं, तोंड पुढं! ती मुक्कामी पोचल्यावर, बांबूला बांधून. फिरवताना काड्या नाही, आरएसआरपीचा, म्हणजे टॉवरच्या सिग्नलच्या ताकदीचा, आकडा पाहा: उणे १२० म्हणजे रडारड, उणे १०० म्हणजे काम भागतं.

बरं, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून पाहिलं का? नाही ना? मग!