नांदेडच्या सरांच्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

सर, नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वर्कशॉपमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. तुमची तक्रार अशी: मेच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडली तेव्हा आमचा ३७ इलेक्ट्रोडचा डिफॉर्मेबल मिरर, म्हणजे व्होल्टेज देऊन आकार बदलता येणारा आरसा, शून्य व्होल्टला सपाट नव्हता. तो सरळ करण्यातच त्याची निम्मी ताकद जाते. व्होल्टेज काढलं तरी तो मूळ जागी येत नाही. आणि फोन केला तर आमच्याकडून ‘तुम्हीच जास्त व्होल्टेज दिलं असेल’ असं ऐकवण्यात आलं.

आधी फोनचं. आरसा न बघता असं बोलणं साफ चूक होतं. मी माफी मागतो.

आरशाला आलेल्या बाकाबद्दलही तुमचंच बरोबर आहे. त्याच बॅचचा एक आरसा आमच्याकडे शिल्लक होता. ए.सी.त २४ अंशांवर इंटरफेरोमीटरला (प्रकाशाच्या पट्ट्यांवरून सपाटपणा दाखवणाऱ्या यंत्राला) लावला, तेव्हा पट्टे पट्टीने आखल्यासारखे सरळ होते. मग चार दिवस ४४ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला. काढल्या काढल्या लावला तर पट्ट्यांच्या जागी एकात एक वर्तुळं, म्हणजे आरसा वाकलेला! आरसा गार होत गेला तसं एकेक वर्तुळ मिटत गेलं. संध्याकाळी दोन उरली, ती दुसऱ्या दिवशीही तशीच होती.

काचेमागे पिझोची (व्होल्टेज दिलं की आकार बदलणाऱ्या पदार्थाची) पातळ चकती चिकटवलेली असते आणि दोन्ही उष्णतेने सारख्या फुगत नाहीत. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली दोन धातूंची पट्टी वाकते, तसाच हा प्रकार. तो बाक गार झाल्यावर जातो. उरलेला बाक मात्र ती चकती चिकटवणाऱ्या गोंदाचा, इपॉक्सीचा. खोलीच्या तापमानाला सेट होणारं इपॉक्सी आम्ही वापरलं, ते उन्हाळ्यात मऊ पडून सरकलं. मराठवाड्यात राहून आम्ही इथला मे महिना हिशेबात धरला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आता इपॉक्सी भट्टीत पक्कं करतो. तसं केलं की गार होताना आरसा वाकतो, म्हणून शेवटचं पॉलिश चिकटवल्यानंतरच करतो. वेळ लागतो, पण इलाज तोच.

मूळ जागी न येण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तो बिघाड नव्हे, पिझोचा हिस्टेरेसिस आहे, म्हणजे व्होल्टेज काढलं तरी तो पूर्ण मागे येत नाही. दहा-पंधरा टक्के फरक राहतोच. म्हणून तर समोर शॅक-हार्टमन सेन्सर (आरशावरून आलेल्या प्रकाशातला बाक मोजणारा) लावून लूप बंद करायचा, म्हणजे त्याच्या मापावरून व्होल्टेज सतत सुधारत राहायचं. आरसा कुठे आहे हे सेन्सरला विचारायचं, व्होल्टेजला नाही. हे मॅन्युअलमध्ये ठळक छापायला हवं होतं, ते आता छापतोय.

परदेशी दुर्बिणींवर असे आरसे असतात, हा दाखलाही तुम्ही रिव्ह्यूत दिलात. चिलीत पारानालच्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरचा दुय्यम आरसा १.१ मीटरचा, जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा, आणि मागे त्याला हलवणारे ११७० अॅक्ट्युएटर. पण तिथे पिझो नाही. कॉइल आणि चुंबक आहेत, शिवाय प्रत्येकापाशी अंतर मोजणारा सेन्सर. विद्यार्थ्यांच्या किटमध्ये ते बसवणं आम्हाला परवडणारं नाही.

नवा आरसा घेऊन येत्या मंगळवारी मी स्वतः येतो, खर्च आमचा. तोवर कॉलिमेटिंग लेन्स (किरण समांतर करणारं भिंग) किंचित पुढेमागे करून बघा, बराचसा बाक तिथेच निघेल आणि मुलांचं प्रॅक्टिकल अडणार नाही. सोमवारी रात्रीपासून तेवढा ए.सी. चालू ठेवा. आरसा तुमच्यासमोर, तुमच्याच सेन्सरवर तपासूनच जुना परत नेईन.