काहीही बदललेलं नाही, आधी चष्मा पुसा

काहीतरी बदललंय असं वाटलं, तर पहिल्यांदा चष्मा पुसा. चष्मा नसेल तर डोळे चोळा. काल रात्री जेवताजेवता स्क्रीनवर आमटीचा थेंब उडाला नाही ना, तेही बघून घ्या. गूगलचं मुखपृष्ठ बदललं असण्यापेक्षा तो थेंब असण्याची शक्यता जास्त, असं धरून चालणं हे सुसंस्कृत माणसाचं लक्षण आहे. एवढं करूनही शोधायची चौकट कालच्यापेक्षा गुबगुबीत वाटत असेल, तिचे कोपरे जरा जास्तच गोल दिसत असतील, तर ग्लासभर पाणी प्या. पण घरात कुणाला हाक मारू नका.

ही सूचना फार महत्त्वाची, आणि नवशिके नेमकी हीच मोडतात.

"अगं, जरा इकडे ये. हे बघ."

ती कणकेच्या हातांनी येते. "काय बघू?"

"इथं काहीतरी वेगळं दिसतंय ना?"

ती तीन सेकंद बघते. पोळी तव्यावर असताना तीन सेकंद म्हणजे पुष्कळच झाले. "अहो, गूगल आहे ते," असं म्हणते आणि जाते. आता काय सिद्ध कराल? कालचं पान आहे कुठं तुमच्याकडे? रोज सकाळी मुखपृष्ठाचा फोटो काढून ठेवणाऱ्यांपैकी तुम्ही नाही, आणि असलात तर ते घरच्यांना कळू देऊ नका.

तिची नजर कच्ची आहे असं मात्र समजू नका. मिसळणाच्या डब्यात मोहरीची वाटी जिऱ्याच्या जागी गेली, तर हीच बाई कढईवरून नजर न हटवता विचारते, "डब्याला कुणी हात लावला होता?" फोडणीच्या वेळी डोळे तेलाकडे असतात, हात आपला आपण डावीकडच्या वाटीत जातो, आणि चिमटीला मोहरीऐवजी जिरं लागलं की घरात चौकशी समिती बसते. पण डबा तिचा आहे. गूगलचं पान तिचं नाही, तुमचंही नाही. तुम्ही तिथले बिनभाड्याचे भाडेकरू, आणि बिनभाड्याच्या भाडेकरूनं जिन्याचा रंग का बदलला असं विचारायचं नसतं.

शिवाय शास्त्र तिच्या बाजूचं आहे. डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक माणूस वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघं जण एक दरवाजा घेऊन मधूनच जातात आणि तेवढ्यात पत्ता विचारणारा माणूस बदलतो. नवा माणूस, नवे कपडे, आवाजही वेगळा. १५ वाटसरूंपैकी ८ जणांच्या हे लक्षातच आलं नाही. ते बिचारे पत्ता सांगत राहिले. गूगल कंपनीची स्थापनाही १९९८चीच. योगायोगच म्हणायचा.

तरीही तुमच्या लक्षात येतंच असेल, तर निदान आपल्या संप्रदायाचा इतिहास तरी माहीत हवा. आपले आद्यपुरुष अनामिक आहेत. हे गृहस्थ गूगलला अधूनमधून ईमेल पाठवायचे. मजकूर नाही, तक्रार नाही, खाली सही नाही, नुसता एक आकडा. कधी ३३, कधी ५३. आधी कुणाला काही उमगेना. मग उलगडा झाला की हा माणूस मुखपृष्ठावरचे शब्द मोजतोय. आकडा ६१वर गेला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही आणि पान जरा जड होत चाललंय अशा अर्थाची एक ओळ त्यांनी सोबत लिहिली. मरिसा मेयर तेव्हा गूगलमध्ये मोठ्या हुद्द्यावर होत्या, ही हकिगत त्यांनीच सांगितली. पुढं हे वजन २८ शब्दांवर आणून तिथंच टिकवायचं ठरलं. २००८च्या जुलैत गोपनीयता धोरणाची लिंक टाकायची वेळ आली, तेव्हा मालकांची अट होती की एक शब्द वाढवायचा तर एक कमी करा. मग तळाच्या कॉपीराइटच्या ओळीतून कुठला शब्द उडाला? 'गूगल'. घरात पाहुण्याला जागा करून द्यायला घरमालक स्वतः बाहेर पडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

त्या गृहस्थांची शिस्त अंगी बाणवा. आकडा पाठवायचा आणि गप्प बसायचं. लोकसत्तेला पत्र लिहायचं नाही.

नजरेची धार कुठवर न्यावी, याचा मापदंड मात्र २०१४चा आहे. त्या मे महिन्यात गूगलच्या चिन्हातला दुसरा 'जी' एक पिक्सेल उजवीकडे सरकला आणि 'एल' एक पिक्सेल उजवीकडे, एक पिक्सेल खाली. आधी गाजावाजा काहीच नव्हता. साध्या संगणकाच्या पडद्यावर एक पिक्सेल म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. तरीही हे काही लोकांच्या लक्षात आलं. मला त्यांचा आदर वाटतो, पण लग्नाच्या पंक्तीत त्यांच्या शेजारी बसायची माझी तयारी नाही. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर २०१५ला, ती शेपट्या-टाचांची अक्षरंच गेली आणि बालवाडीच्या भिंतीवर शोभतील अशी गोलमटोल अक्षरं आली. ज्यांनी पाव मिलिमीटर पकडला होता, त्यांच्या डोळ्यांदेखत वाडाच पाडला. म्हणून सांगतो, बारीकसारीक गोष्टींवर जीव लावू नका.

आरडाओरडा करून उपयोग होतो असं कुणी सांगितलं, तर त्याला १० जून २०१०ची आठवण करून द्या. त्या दिवशी पांढऱ्याशुभ्र मुखपृष्ठावर अचानक मोठमोठी रंगीत छायाचित्रं आली. योजना २४ तासांची होती, लोकांनी ती सुमारे १४ तासांत गुंडाळायला लावली. इथवर ऐकून ऊर भरून येतो. पण लोकांनी नेमकं केलं काय? गूगलची पार्श्वभूमी कशी काढायची हे त्यांनी गूगललाच विचारलं, इतक्या संख्येनं की तो त्या दिवशीचा गाजलेला शोध ठरला. पाकीट मारणाऱ्यालाच पोलीस चौकीचा पत्ता विचारणं म्हणतात ते हेच. आणि दुसऱ्या कुणाला विचारणार, हाही प्रश्नच आहे.

कंपनीनं त्या दिवशी एक धडा घेतला असावा, असं आपलं माझं मत. भिंत एका रात्रीत रंगवली तर भाडेकरू जागे होतात. रोज नखाएवढी रंगवावी. हे कसब पाहायचं असेल तर मुखपृष्ठावरून एक पाऊल आत या आणि जाहिरातींकडे बघा. एके काळी जाहिरातींच्या मागे फिकट रंगाची पट्टी असायची. रंगीत ते विकतचं, पांढरं ते खरं. आजोबांनाही एका वाक्यात सांगता यायचं. २०१३च्या अखेरीस पट्टी गेली आणि तिच्या जागी पिवळी चिठ्ठी आली. २०१६मध्ये चिठ्ठी हिरवी झाली. शेजारी साइटचा पत्ताही हिरवाच असायचा, त्यामुळे दोघांचं छान जमलं. २०१७मध्ये चिठ्ठीच्या पोटातला हिरवा रंग गेला, नुसती हिरवी रेघ उरली. २०२०च्या जानेवारीत संगणकावरून तीही गेली आणि राहिली काळी ठळक दोन इंग्रजी अक्षरं, 'Ad', म्हणजे जाहिरात. त्याच वेळी खऱ्या निकालांच्या शेजारी प्रत्येक साइटचं चिमुकलं चिन्ह आलं, नेमकं त्या दोन अक्षरांच्या जागी. विकतचं कुठलं आणि अस्सल कुठलं हे ओळखायला आता भिंगच हवं होतं. यावर बोंब झाली, काही दिवसांत ती चिन्हं काढून घेतली गेली. २०२३मध्ये ती संगणकावर परत आली, तेव्हा फारसं कुणी हूं की चूं केलं नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं होताना आधी सांगायला काय हरकत होती? अहो, गवळी दुधात पाणी वाढवताना निवेदन काढतो का? तो रोज एक पळी घालतो, आणि तुमची जीभच हळूहळू तयार होते. वर्षभरानं कुणी खरं दूध दिलं तर तुम्ही म्हणता, हे जरा जास्तच दाट आहे.

यामागं कुणी दुष्ट माणूस बसलाय असा गैरसमज करून घेऊ नका. माणूस असता तर एक वेळ भांडता तरी आलं असतं. तिथं चाचण्या आहेत. २००९ साली डग्लस बोमन हे डिझायनर गूगल सोडून गेले, तेव्हा त्यांनी कारण लिहून ठेवलं: दोन निळ्यांपैकी कुठला घ्यावा हे ठरेना म्हणून मधल्या ४१ छटा लोकांवर तपासून पाहत होते, आणि एखादी रेघ ३ पिक्सेल जाड असावी की ४ की ५ यावर त्यांना पुरावा मागितला गेला होता. दादरला साडीखरेदीला गेलेल्या कुठल्याही कुटुंबाला ४१ निळे हा आकडा काही मोठा वाटणार नाही. फरक इतकाच की तिथं शेवटी साडी हातात पडते.

या चाचण्यांमुळेच तुमची खरी पंचाईत होते, आणि इथं माझा सल्ला नीट ऐका. एकाच वेळी काही लोकांना एक पान दाखवतात, काहींना दुसरं, आणि कुठं जास्त बोटं पडतात ते मोजतात. कंपनीच्याच सांगण्यानुसार २०२० या एका वर्षात शोधयंत्रावर सहा लाखांहून जास्त प्रयोग झाले आणि साडेचार हजारांहून जास्त बदल प्रत्यक्षात आले. म्हणजे तुम्हाला बटण दिसतंय आणि शेजारच्या जोशींना दिसत नाही, तर तुम्हीही बरोबर आणि जोशीही बरोबर. भांडू नका. आपला फोन त्यांच्या फोनशेजारी ठेवून 'हे बघा, हे बघा' करू नका, कारण तेवढ्यात पान ताजं होतं आणि बटण तुमच्याकडूनही जातं. मग जोशी तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती सोसायटीच्या सभेपर्यंत पुरते.

गेलेल्या वस्तूंचा शोक करताना तर फारच संयम ठेवा. निकालाशेजारून साइटची साठवलेली प्रत उघडायची सोय होती. एखादी साइट बंद पडली, की गूगलच्या कोठीतली जुनी प्रत बघता यायची. २०२४च्या सुरुवातीला ती लिंक गेली. गेल्याचं लोकांच्या आधी लक्षात आलं, दुजोरा नंतर मिळाला. आता बघा, पान आधी कसं होतं हे दाखवणारी सोयच गुपचूप काढली, तर ती होती याचा पुरावा कुठून आणणार? एवढी सफाई मी फक्त गावाकडच्या सातबाऱ्यात पाहिली आहे.

नव्या वस्तूंचं मात्र तोंडभर स्वागत करा. शोधायच्या चौकटीत आता 'एआय मोड' येऊन बसलाय. २०२५च्या जुलैत तो भारतात सगळ्यांसाठी खुला झाला. साइटींची यादी देण्याऐवजी तो उत्तरच लिहून देतो. चौकट तीच, तुमचं बोट तेच, फक्त दारापलीकडे आता वाट दाखवणारा बसलेला नाही, तुमच्या वतीनं गावाला जाऊन आलेला बसलाय. विचारलंत तर गाव कसं होतं ते सांगतो.

आणि मुखपृष्ठावर चौकटीच्या खाली कधी नजर गेली का? भारतातल्या पानावर तिथं भाषांची एक बारीक ओळ असते: आधी हिंदी, मग बंगाली, मग तेलुगू आणि चौथ्या जागी मराठी. दुकानांवरच्या पाट्यांतलं मराठी अक्षर किती मोठं असावं यावरचा वाद न्यायालयापर्यंत गेला. ही ओळ उद्या उडाली तर पहिला कोण ओरडेल याची मला उत्सुकता आहे. त्यासाठी ती कधीतरी दाबलेली असावी लागेल, हीच काय ती अडचण.

एवढं सगळं करूनही ज्यांचं मन शांत होत नाही, त्यांच्यासाठी माझ्या वडिलांची पद्धत सांगतो. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे, निवृत्त माणसाच्या टपोऱ्या अक्षरातली. पहिल्या पानावर शोधायची कृती: "रंगीत अक्षरांखालच्या चौकटीत लिहिणे. डावे बटण दाबणे. उजवे दाबू नये, यादी न दाखवता थेट कुठेतरी नेते." 'आय ॲम फीलिंग लकी'चं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. हे पान वर्षानुवर्षं जवळपास स्वच्छ राहिलं.

पुढची पानं त्यांच्या बँकेच्या ॲपची. कुठली बँक ते जाऊ द्या. "पैसे पाठविणे: खालून दुसरी ओळ, डावीकडून तिसरे चित्र (बाण)." त्यावर काट. "बाण नाही. आता कागदी विमान." त्यावर काट. "विमान वरच्या कोपऱ्यात गेले." त्यावरही काट, आणि समासात उभ्या अक्षरांत, "चिरंजीवांस विचारणे." चिरंजीवांनी ॲप उघडून पाच मिनिटं शोधलं, मग चष्मा पुसला.

गेल्या दिवाळीपासून ते वही पेन्सिलीनं लिहितात. खोडरबर सुतळीनं वहीलाच बांधून ठेवलंय.