दोन्ही बाजू काढ

कोल्हापुरात आपली फुटबॉलची टीम हरली की दुसऱ्या दिवशी सकाळी दूध गोड लागत नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस उभी असते, धार निघत असते, ग्लासात वरपर्यंत फेस आलेला असतो, आणि तुम्ही ओठ टेकवणार इतक्यात शेजारचा विचारतो, "काल कितीनं?"

त्याला माहीत असतं कितीनं. तो समोरच्याच गॅलरीत होता. पण त्याला ते तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

"तीन-शून्य."

"शून्य कुणाचा?"

म्हैससुद्धा मान वळवून बघते.

माझ्या टीमचं नाव मी सांगणार नाही. पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाला काच आहे. एवढं सांगतो, की लीगमध्ये सोळा संघ असतात आणि आमचा संघ त्या सोळांत आहे. कितवा, ते विचारू नका. दुधाचा ग्लास हातात नसला तरी विचारू नका.

बाहेरगावच्या माणसाला आमचा फुटबॉल समजावताना दमछाक होते. माझा पुण्याचा मेहुणा एकदा पेपर वाचत बसला होता. 'पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम' वाचलं आणि म्हणाला, "दाजी, कुस्ती किती वाजता आहे?" त्याची चूक नाही. तालमीत मारुती असतो, तांबडी माती असते, आणि त्याच मारुतीच्या मागच्या खिळ्याला फुटबॉलचे बूट वाळत घातलेले असतात. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं तेव्हा गावाला कुस्तीचा नाद होताच. पुढे राजाराम महाराजांच्या काळात, १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघालं आणि तालमींनी चेंडूही तितक्याच जोरात धरला. फरक एवढाच, की कुस्तीत एकाच माणसाची पाठ मातीला लागते. फुटबॉलमध्ये अख्ख्या पेठेची लागते.

आणि टीम निवडायची सोय नसते. रेशनकार्डावर जो पत्ता, ती आपली टीम. माझ्या वडिलांची तीच होती, त्यांच्या वडिलांचीही. वडील मला शाहू स्टेडियमवर पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी दुसरीत होतो. आम्ही हरलो. परत येताना ते वाटभर बोलले नाहीत. घरी आई चुलीजवळ थांबलेली. मॅचच्या दिवशी ती आधी काहीच शिजवायची नाही. जिंकलो तर मटण, हरलो तर पिठलं, असा तिचा हिशोब. त्या वर्षी आम्ही इतकं पिठलं खाल्लं की डाळीचं पीठ आणायला दुकानात गेलो की दुकानदार विचारायचा, "परत काय?"

पण त्या हरण्यात मजा होती, कारण हरणारे घरचे होते. गोलकीपर शिंपी होता. त्याच्या हातातून चेंडू सुटला की दुसऱ्या दिवशी लोक धडधाकट विजारी घेऊन त्याच्याकडे जायचे, "शिवण सुटली बघ, तुझ्या हातात काय टिकतच न्हाई." लेफ्ट आऊट आमच्याकडे दूध घालायचा. समोरचा गोल त्यानं घालवला की आई आठवडाभर त्याच्या दुधात पाणी शोधायची. तोही गरीब, मान खाली घालून एक पळी जास्त ओतायचा. खेळाडूला शिव्या घालायच्या म्हणजे लांब जावं लागत नव्हतं, खिडकी उघडली की झालं.

आता खिडकी उघडली तर समोर कुणी नसतं. म्हणजे घर आहे, त्यात काकी आहेत, पण त्यांचा मुलगा, आमचा सेंटर फॉरवर्ड, दोन मोसमांपूर्वी दुसऱ्या पेठेच्या टीमला गेला. पैसे बरे मिळाले, गेला. मी त्याच्या जागी असतो तर मीही गेलो असतो, फक्त आईला सांगून गेलो असतो की पेढे वाटू नकोस. कारण गेल्या वर्षी त्यानं आमच्यावर दोन गोल घातले आणि संध्याकाळी काकी डबा घेऊन माझ्या दारात. "पोरानं दोन गोल घातले, तोंड गोड कर." या काकींनी मला लहानपणी कडेवर खेळवलंय. नाही कसं म्हणायचं? खाल्ला पेढा. चांगला होता, हेच वाईट.

आता दरवर्षी मोसमाच्या तोंडावर खेळाडूंच्या नोंदणीचे कागद माझ्याच दुकानात येतात, त्यामुळे टीम बदललेली मला सगळ्यांच्या आधी कळते. पूर्वी आधारकार्डावर आमच्याच गल्ल्यांचे पत्ते असायचे. मग उपनगरं आली, मग शेजारचे तालुके, मग एके दिवशी पासपोर्ट आला. नायजेरियाचा. मागे तो स्वतः उभा, दारात वाकून. पेठेतल्या माणसाला परदेशी जायचं म्हटलं की आमच्याकडे हार घालतात, आणि हा तिकडून उठून आमच्या टीममध्ये आला होता. मला त्याची फार काळजी वाटली. पण पोरगा खमक्या निघाला. महिनाभरात तांबडा रस्सा वाटी उचलून प्यायला शिकला आणि तिसऱ्या महिन्यात दुकानात येऊन मला म्हणाला, "काय भावा, लाईट गेली?" सरावाला पहाटे सगळ्यांच्या आधी तोच मैदानावर असायचा. हरल्यावर दुसऱ्या दिवशी दूध कट्ट्यावर ताठ मानेनं दूध पिणारा आमच्या टीमचा तो एकमेव माणूस. त्याला कुणी 'शून्य कुणाचा' विचारायचं नाही. तो उत्तर इंग्रजीत देईल ही भीती. पुढच्या वर्षी त्याचा पासपोर्ट परत झेरॉक्सला आला, पण घेऊन आलेला पोरगा दुसऱ्या पेठेचा होता. मी मुकाट्यानं प्रती काढल्या.

धंदा असा आहे. आणि धंद्यावरून ते गिऱ्हाईक आठवलं.

आमच्या समोरच्या पेठेतला एक माणूस. माझ्याच वयाचा, शाळेत एका बाकावर होतो. त्यांच्या टीमनं आम्हाला फायनलला हरवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, मी शटर वर करत असतानाच तो हजर. हातात पेपर, खेळाचं पान वर.

"ह्या बातमीच्या पन्नास प्रती काढ."

"कशाला?"

"घरात ठेवतो की."

मी काढल्या. पहिली प्रत जरा काळपट आली, आमचा गोलकीपर ओळखू येत नव्हता, तर मशीनचा उजेड वाढवून परत काढली. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. दुपारपर्यंत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक खांबावर ती बातमी, आणि शेवटची माझ्याच काचेवर. घरी वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पैसे घेतलास न्हवं?"

पुढची कैक वर्षं हा नेम चालला. आम्ही त्यांच्याकडून हरलो की तो यायचाच, आणि दुसऱ्या कुणाकडून हरलो तरीही यायचा. एका वर्षी त्यानं रंगीत मागितली. मला राग यायचा, रात्री झोप लागायची नाही, पण खरं सांगायचं तर टीम हरल्यावर सकाळी लवकर दुकान उघडायची सवय मला त्याच्यामुळेच लागली.

मध्ये बरे दिवसही आले. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि भारताच्या टीममध्ये आपला अनिकेत जाधव. सगळ्या पेठा एका पडद्यासमोर बसल्या. अमेरिकेकडून तीन-शून्य, कोलंबियाकडून दोन-एक, घानाकडून चार-शून्य. तिन्ही मॅच हरलो, पण एकानंही 'शून्य कुणाचा' विचारलं नाही. छातीवर भारत लिहिलेलं असलं की हरण्यालाही इज्जत असते. त्यानंतर मार्च २०२० मध्ये कोरोना आला, मैदानं बंद झाली, आणि आमच्या टीमनं तिच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी अपराजित घोडदौड केली.

२०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिना जिंकली त्या रात्री आमच्या चौकात मेस्सीच्या कटआऊटला हार घातला, फटाके उडवले. छत्तीस वर्षांनी कप मिळाला म्हणून एक म्हातारे आजोबा रडले. मी जवळ जाऊन म्हटलं, "आजोबा, छत्तीस वर्षं थांबलं की मिळतंय म्हणजे." ते डोळे पुसत म्हणाले, "त्यांच्याकडं मेस्सी होता, बाळ."

आता यंदाची गोष्ट. मॅच चारची. गॅलरीच्या सिमेंटच्या पायऱ्या तापलेल्या, म्हणून मी पेपर अंथरून बसलो. माझ्या मागे नेहमीचा एक जण. त्याचा आवाज मला वीस वर्षं ऐकू येतो, तोंड मी कधी बघितलेलं नाही. "पास दे. पास दे! आरं पास दे की! दिलास? कशाला दिलास?" पहिला गोल खाल्ला तेव्हा मी डोक्याला हात लावला. दुसऱ्याला लावला नाही. तिसरा गेला तेव्हा अख्खी गॅलरी उभी राहिली, कुणी पंचाला, कुणी कोचला, कुणी नशिबाला शिव्या घालत होतं, आणि माझ्या मनात आलं, टोनर संपत आलाय, उद्या मागवायला पाहिजे.

मी चरकलो. छातीवर हात ठेवून बघितला. काही होत नव्हतं. एकेकाळी ह्याच्या निम्म्या गोलाला मी दोन दिवस जेवलो नव्हतो, आणि आता काळ्या पावडरचा भाव आठवत होता. म्हटलं, जरा शिवी तरी घालून बघू. घातली. मागचा म्हणाला, "जोर न्हाई भावा."

तेवढ्यात मैदानात काहीतरी बाचाबाची झाली, ती गॅलरीत आली, पाण्याच्या बाटल्या उडाल्या, पोलिसांनी काठ्या उगारल्या आणि आम्ही सगळे फाटकाकडे पळालो. रस्त्यावर आल्यावर बघितलं तर डाव्या पायात माझी नवी चप्पल आणि उजव्या पायात कुणाचीतरी निळी स्लीपर. घरी जायचा जवळचा रस्ता समोरच्या पेठेतून जातो. लांबच्या रस्त्यानं जायचं तर अशा पायांनी आणखी वीस मिनिटं. गेलो जवळच्या. कट्ट्यावर बसलेलं एक शाळकरी पोरगं खालपासून वरपर्यंत बघून म्हणालं, "काका, तुमची चप्पल पण दुसऱ्या टीमला गेली काय?"

घरी बायकोनं पायांकडे बघितलं आणि काही न विचारता डाळीच्या पिठाचा डबा काढला.

रात्री पडल्या पडल्या ठरवलं, बास. यंदापासून वर्गणी नाही, स्टेडियम नाही. पण सकाळी नऊच्या ऐवजी साडेआठलाच दुकान उघडलं. पेपर घेतला, खेळाचं पान वर करून काउंटरवर नीट पसरला. फोटो मोठा होता, तिसऱ्या गोलचाच. आमचा गोलकीपर आडवा, चेंडू जाळ्यात. म्हटलं, येईलच तो. मशीनमध्ये कागदाचं नवं बंडल घातलं. टोनर पन्नास प्रतींना पुरेल, हिशोब केला. वाटलं तर रंगीतही काढता येईल.

साडेनऊला आला. गाडी लावली, हेल्मेट काढलं, सावकाश पायरी चढला. मी काहीतरी मशीन पुसल्यासारखं केलं. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला, माझ्या पसरलेल्या पेपरवर, बरोबर गोलकीपरच्या अंगावर ठेवला आणि हातानं सपाट केला. वीजबिल होतं.

"दोन्ही बाजू काढ."

मी काढली. तो मोबाईल बघत उभा. मी बिल परत त्याच पेपरवर ठेवलं, जरा बाजूला, फोटो दिसेल असं.

"आणि काय न्हाई?"

"न्हाई."

"काल मॅच होती," मी म्हटलं.

"व्हय? कुणाची?"

दोन्ही बाजूंचे चार रुपये होतात. मी आठ घेतले.