कोरोनात कॅन्सर कमी झाला नव्हता, पेशंट पोचले नव्हते

एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत एका सरकारी योजनेतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या तपासण्या आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा 87 टक्क्यांनी घटल्या, गर्भाशयमुखाच्या 84 टक्क्यांनी. ही योजना कमी उत्पन्नाच्या, विमा नसलेल्या बायकांसाठी आहे. म्हणजे त्यात सुखवस्तू घरातलं कुणी नाहीच. तरीही वंशानुसार आकडे मांडल्यावर फरक दिसला. हिस्पॅनिक बायकांच्या स्तनाच्या तपासण्या 84 टक्क्यांनी घटल्या आणि तिथल्या मूळ रहिवासी, म्हणजे अमेरिकन इंडियन आणि अलास्काच्या आदिवासी बायकांच्या 98 टक्क्यांनी. गरिबांतसुद्धा सगळ्यात मागे राहिल्या त्या आदिवासी बायकाच.

हा 98 चा आकडा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून सुरगाणा आणि पेठ, हे नाशिक जिल्ह्यातले आदिवासी तालुके, जात नाहीत. पोस्ट मोठी आहे, पण नाशिककरांनी तरी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

मी नाशिकमधल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला टेक्निशियन आहे. बायोप्सीचा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत येतो, सोबत एक फॉर्म असतो. नाव, वय, पत्ता, गाठ कुठे, किती दिवसांपासून. तुकड्यावर प्रक्रिया करून त्याचा मेणात ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर पातळ काप घ्यायचे, स्लाइड रंगवायची आणि निदान करणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवायची. पेशंटचं तोंड मला क्वचित दिसतं. मला दिसतो तो फॉर्म.

लॉकडाऊन लागल्यावर बाटल्या एकदम कमी झाल्या, हे सगळ्याच लॅबवाल्यांनी पाहिलं. मला खटकलं ते वेगळंच. ज्या थोड्या बाटल्या येत होत्या त्यांच्यावर गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड असे पत्ते होते. हरसूल, करंजाळी, बाऱ्हे, उंबरठाण, ननाशी ही आदिवासी पट्ट्यातली नावं जवळजवळ नाहीशी झाली. त्या पट्ट्यातल्या बायकांना त्या महिन्यांत गाठी होत नव्हत्या का? ते पेशंट पुढे आले, दिवाळीनंतर, काही त्याच्याही नंतर. तेव्हा ‘किती दिवसांपासून’च्या रकान्यात ‘आठ महिने’, ‘वर्ष झालं’ असं लिहिलेलं असायचं. स्तनाची गाठ कातडी फोडून बाहेर आलेली. तोंडाच्या कॅन्सरच्या एका पेशंटच्या फॉर्मवर डॉक्टरांनी लिहिलं होतं की तोंड एका बोटाएवढंच उघडतं. स्टेज काय असेल हे स्लाइड बघायच्या आधीच कळायचं.

हे फक्त माझ्या टेबलावरचं निरीक्षण नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर केंद्रांचं जाळं, त्यांनी 41 केंद्रांचा अभ्यास केला. मार्च ते मे 2020 या तीन महिन्यांत नवीन पेशंटची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा 54 टक्क्यांनी घटली होती. 2019 मध्ये 1,12,270 नवे पेशंट, 2020 मध्ये 51,760. मोठ्या शस्त्रक्रिया 49 टक्क्यांनी घटल्या. कॅन्सर कोरोनाला घाबरून थांबत नाही. उरलेले साठ हजार लोक घरीच होते, गाठ घेऊन. आणि उशिराची किंमतही मोजलेली आहे. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 2020 साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की उपचाराला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण 6 ते 13 टक्क्यांनी वाढतो. हे चार आठवड्यांचं झालं. आठ महिन्यांचा हिशेब कुणी करायचा?

इथे अमेरिकेत आणि आपल्यात एक मोठा फरक आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. तिथे महामारीने तपासणी बंद पाडली. आपल्याकडे बंद पाडायला अशी, काही त्रास नसतानाच करायची, तपासणी होतीच कुठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के. स्तनाची आणि तोंडाची 0.9 टक्के. आपल्याकडे गाठ हाताला लागते, दुखायला लागते, मग कुणीतरी डॉक्टरकडे नेतं आणि तेव्हा निदान होतं. म्हणजे निदान सगळं पायांवर आणि बसवर अवलंबून. कोरोनाने नेमके तेच थांबवले.

सुरगाण्याहून नाशिक नव्वद किलोमीटरच्या आसपास. लाल परी बंद, खासगी जीपवाले पोलिसांच्या भीतीने बंद. सीमेवरच्या गावांतले लोक एरवी गुजरातमधल्या धरमपूर, वलसाडला दवाखान्यात जातात, कारण ते जवळ पडतं. तीही सीमा बंद. मार्चमध्ये द्राक्षकाढणी जोरात असते, दिंडोरी-निफाडच्या बागांत याच तालुक्यांतले मजूर असतात. त्यांची मजुरी बुडाली, बरेच चालत घरी गेले. हातात पैसा नाही, त्यात कुठली बाई स्वतःच्या दुखण्यासाठी गाडी करायला सांगेल? आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि आशाताई कोरोनाच्या कामाला जुंपलेल्या. शिवाय भीती होतीच. दवाखान्यात गेलं की उचलून क्वारंटाइनला नेतात, ही बातमी कुठल्याही सरकारी पत्रकापेक्षा लवकर पाड्यावर पोचली होती. ज्यांना मुंबईला टाटाला जायचं होतं त्यांची पंचवटी एक्सप्रेस बंद होती. शहरातल्या माणसाने ई-पास काढला, गाडी केली आणि परळ गाठलं. उंबरठाणच्या बाईला ई-पास म्हणजे काय हे सांगणारंसुद्धा कुणी नव्हतं.

आणि कोरोना ओसरला म्हणून हे संपलं नाही. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मला सहानुभूतीच आहे, पण ज्या तालुक्यात एसटी हेच मुख्य वाहन, तिथल्या पेशंटचं आणखी अर्धं वर्ष गेलं. पुढे डिसेंबर 2022 मध्ये सुरगाण्यातल्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या अशी मागणी केली, तेव्हा पेपरात मोठे मथळे आले. रस्ते आणि आरोग्य सोयी नाहीत हेच त्यांचं म्हणणं होतं.

‘आजार काही जात बघून येत नाही,’ असं मला आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी ऐकवलंय. आजार बघत नसेल, पण निदान बघतं. अमेरिकेत काळ्या बायकांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा किंचित कमी प्रमाणात होतो, तरी त्यातून मरण्याचं प्रमाण साधारण 40 टक्क्यांनी जास्त आहे. यात शरीराचाही थोडा भाग आहे, ते नाकारून चालणार नाही. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा, उपचाराला अवघड असा कॅन्सर त्यांच्यात जास्त आढळतो. पण एप्रिल 2020 मध्ये आदिवासी बायकांच्या तपासण्या 98 टक्क्यांनी घटल्या त्याला कुठलं जनुक कारण आहे? त्या वसंतात नॅव्हाहो या तिथल्या आदिवासी जमातीच्या प्रदेशात शुक्रवार रात्रीपासून सोमवार पहाटेपर्यंत सलग 57 तासांची संचारबंदी होती आणि तिथल्या जवळपास तीस टक्के घरांत नळाचं पाणी नव्हतं. उत्तर तिथे शोधायचं.

माझं मुख्य म्हणणं आता येतं. अमेरिकेला तो 98 आकडा सांगता आला कारण फॉर्मवर ते वंश विचारतात आणि मग तसं मोजतात. आपल्या 41 केंद्रांच्या अभ्यासातून मोठ्या शहरांत घट जास्त झाली हे कळतं, पण कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, कातकरी बायकांचं काय झालं ते त्यातून कळत नाही. नाशिक जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार दर चार माणसांत एक आदिवासी आहे. सुरगाणा आणि पेठमध्ये तर नव्वद टक्क्यांहून जास्त. एवढ्या लोकांचा तोटा सरासरीत बुडून गेला.

आणि प्रश्न नुसता जात-जमातीच्या रकान्याचा नाही. साधा पत्तासुद्धा नीट येत नाही. हरसूलकडची मावशी सातपूरला भाच्याकडे उतरते. भाचा एमआयडीसीत कामाला. फॉर्मवर पत्ता पडतो ‘सातपूर, नाशिक’, फोन नंबर भाच्याचा. झालं, ती मावशी कागदावर शहराची झाली. पुढे भाच्याने नोकरी बदलली, नंबर बदलला की रिपोर्ट पडून राहतो आणि तिला शोधायचं कुठे हे कुणालाच माहीत नसतं. असे न नेलेले रिपोर्ट मी फाइलला लावलेले आहेत. त्यातल्या काहींवर कॅन्सर लिहिलेला आहे.

रिपोर्टवर जात छापा असं मी म्हणत नाही, त्याचा गैरवापर होऊ शकतो हे मला कळतं. पण मूळ गाव आणि तालुका लिहायला काय हरकत आहे? सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण एवढं जरी खरं लिहिलं गेलं आणि त्यापुढे निदानाच्या वेळची स्टेज आली, तरी वर्षभरात चित्र समोर येईल. हे लिहायला एक मिनिट लागतं.

15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन आशाताई दारोदार गेल्या, पाड्यांपर्यंत गेल्या. म्हणजे दारापर्यंत पोचता येतं हे सिद्ध झालं. त्या दारात आणखी तीन प्रश्न नेमाने विचारले गेले असते तर? छातीत गाठ आहे का, तोंडातली जखम बरी होत नाही का, पाळी गेल्यावरही अंगावरून जातं का. हे मला आजही सलतं, कारण पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा हेच होणार असेल तर आपण काय शिकलो?

आणि हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी खेड्यापाड्यांतल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन अभ्यास केला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर ज्याने होतो त्या विषाणूच्या) चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. 2009 मध्ये ते जगभर छापून आलं. मुंबईत टाटाने झोपडपट्ट्यांत, थोडंसं प्रशिक्षण दिलेल्या बायकांकडून नुसतं व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली, त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. ही मराठी मुलखातलीच कामं आहेत.

आता थेट मागणं. दवाखाने आणि लॅबमधल्या माझ्या सहकाऱ्यांनो, फॉर्म भरताना ‘मूळ गाव कोणतं?’ हे तोंडाने विचारा आणि घरच्या माणसाच्या नंबरसोबत गावातल्या आशाताईंचा नंबर घ्या. द्राक्षबागायतदार मित्रांनो, ऑक्टोबर छाटणीला सुरगाणा-पेठच्या टोळ्या तुमच्या शेतावर मुक्कामी येतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी मोफत करायची तरतूद आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधी बोलून दिवस ठरवा, बायकांना ट्रॅक्टरने नेऊन आणा आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी खाली कमेंटमध्ये गाव लिहा, केंद्राशी बोलायला मी स्वतः येते.