धाकटी विमान कंपनी विकली जाते तेव्हा कोल्हापूरनं काय मागावं?

मोठ्या विमान कंपनीनं आपली छोटी उपकंपनी विकायला काढली की आपल्याकडे एकच निष्कर्ष निघतो: छोट्या गावांची विमानं तोट्यात, म्हणून विकली. चहाच्या टपरीपासून व्यापाऱ्यांच्या चेंबरच्या बैठकीपर्यंत हेच ऐकतोय. तिकीट बुकिंगचा धंदा करत असल्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. हा निष्कर्ष अर्धवट आहे आणि त्यात कोल्हापूरचं नुकसान आहे. तो एकदा मान्य केला की 'चालेल तेवढं चालेल' म्हणून आपण गप्प बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या विक्रीचा सगळ्यात मोठा इतिहास अमेरिकेत आहे. तिथं ५० ते ७६ आसनांची विमानं उडवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचं, तिकीटही तिनंच विकलेलं; पण पायलट, केबिन क्रू आणि देखभाल दुसऱ्याच कंपनीची. यातल्या काही छोट्या कंपन्या मोठ्यांच्याच मालकीच्या होत्या. डेल्टाकडे कोमएअर आणि अटलांटिक साउथईस्ट होत्या, अमेरिकन एअरलाइन्सकडे अमेरिकन ईगल होती. पुढं डेल्टानं अटलांटिक साउथईस्ट २००५ मध्ये स्कायवेस्ट या दुसऱ्या छोट्या विमानांच्या कंपनीला ४२ कोटी ५० लाख डॉलरला विकली. २०१० मध्ये मेसाबा आणि कंपास या आणखी दोन विकल्या. अमेरिकननं २००७ मध्ये ईगलला वेगळं काढायचं जाहीर केलं, मग तेलाचे भाव भडकल्यावर बेत पुढं ढकलला आणि शेवटी ती स्वतःकडेच ठेवली.

विकण्यामागं तोटा हे कारण असतं तरी किती? डेल्टाच्या विक्रीची तारीख बघा. व्यवहार पूर्ण झाला ७ सप्टेंबर २००५ ला आणि १४ सप्टेंबरला डेल्टानं दिवाळखोरीचा अर्ज केला. घर अडचणीत आलं की जे विकलं जातं ते आधी विकतात, आणि चालत्या कंपनीलाच गिऱ्हाईक मिळतं. विकल्यानंतरही ती विमानं डेल्टासाठीच उडत राहिली, कारण विक्रीसोबत दीर्घ मुदतीचा करार होता. गाव तुटलं नाही, फक्त मालक बदलला.

दुसरं कारण पगाराचं, आणि मला वाटतं खरं कारण हेच. मोठ्या विमानाचा पायलट आणि छोट्या विमानाचा पायलट यांच्या पगारात तिथं मोठी तफावत होती. दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या असल्या की छोट्या कंपनीचा पायलट विचारणारच, 'मालक एक, तर सेवाज्येष्ठतेची यादी वेगळी का?' २००१ मध्ये कोमएअरच्या पायलटांनी ८९ दिवस संप केला आणि सिनसिनाटीचं डेल्टाचं केंद्र जवळजवळ थंडावलं. बाहेरच्या चार-पाच कंपन्यांना काम वाटून दिलं की हा धोका विभागला जातो. एक अडली तर दुसरी आहे. शिवाय दर कराराच्या वेळी या कंपन्या एकमेकींपेक्षा कमी दर भरतात.

आपल्या भागातल्या माणसाला हे कळायला अवघड नाही. साखर कारखाना ऊस स्वतः आणतो का? तोडणी-वाहतुकीचा करार होतो. ट्रॅक्टर ठेकेदाराचा, ड्रायव्हर त्याचा, टोळी त्यानं उचल देऊन आणलेली. पैसे टनावर आणि अंतरावर. साखरेचा दर पडला तर ते कारखाना बघतो. ट्रॅक्टरचा हप्ता आणि टोळी पळाली तर बुडालेली उचल ठेकेदाराच्या माथी. कुणाची गाडी कुठल्या फडात लावायची हे मात्र कारखान्याचं शेती ऑफिस ठरवतं. अमेरिकेतला विमानांचा करार जवळपास असाच आहे. वेळापत्रक, भाडं आणि तिकीटविक्री मोठ्या कंपनीच्या हातात, बहुतेक करारांत इंधनाचा खर्चही तिचाच. छोट्या कंपनीला उड्डाणामागं ठरलेले पैसे मिळतात, विमान भरून गेलं काय किंवा अर्धं रिकामं गेलं काय. मालकी न ठेवता ताबा ठेवता येतो, म्हणून मोठी कंपनी विकायला तयार होते.

तिसरं कारण विमानांचंच. नव्वदीत ५० आसनी जेट धडाधड घेतली गेली. २००८ च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं आणि या विमानांचा दर आसनी खर्च परवडेना. अशा जुन्या विमानांचं ओझं दुसऱ्याच्या खात्यावर गेलेलं कुणाला नको असतं?

म्हणजे उपकंपनी विकणं आणि गाव सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. विकताना मागं कुठला करार ठेवला यावर गावाचं भवितव्य ठरतं. त्याची दोन उदाहरणं मी येईल त्याला सांगत असतो.

पहिलं कॅनडाचं. एअर कॅनडाच्या मूळ कंपनीनं २००६ मध्ये आपली प्रादेशिक कंपनी जॅझ वेगळी काढून तिचे हिस्से बाजारात आणले, पण उड्डाणांचा करार कायम ठेवला. तो वाढत वाढत आता २०३५ पर्यंत गेलाय. तिथल्या छोट्या शहरातला माणूस आजही एकाच तिकिटावर टोरोंटोमार्गे लंडनला जातो. जॅझचा मालक कोण, हे त्याला माहीत असायची गरजही पडत नाही.

दुसरं ब्रिटनचं. ब्रिटिश एअरवेजनं २००७ च्या मार्चमध्ये बीए कनेक्ट ही प्रादेशिक कंपनी फ्लायबीला देऊन टाकली. लंडन सिटी विमानतळाची उड्डाणं तेवढी स्वतःकडे ठेवली. बाकीच्या गावांची विमानं कुणा मोठ्या कंपनीच्या पैशावर उडत नव्हती. तिकिटं विकायची आणि तोटा सोसायचा फ्लायबीनंच. ५ मार्च २०२० ला फ्लायबी बंद पडली. साउदम्प्टन, एक्सेटर, बेलफास्ट सिटी या विमानतळांवरच्या बहुतांश फेऱ्या एका रात्रीत गेल्या.

कराराची दुसरी बाजूही सांगायला हवी. फार स्वस्तात काम द्यायला लागलं की त्याची किंमत कुठंतरी मोजावी लागते. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअर या अशाच छोट्या कंपनीचं विमान पडलं, ५० माणसं गेली. प्रवाशांच्या हातात तिकीट कॉन्टिनेन्टल या मोठ्या कंपनीचं होतं. चौकशीत पायलटांचा थकवा, प्रशिक्षण आणि तुटपुंजे पगार हे सगळं बाहेर आलं. त्यानंतर अमेरिकेनं कायदा केला की विमान प्रत्यक्षात कोण उडवणार हे तिकीट विकतानाच स्पष्ट दाखवायचं आणि को-पायलटलाही साधारण १५०० तासांचा अनुभव हवा. पुढं चित्र थोडं उलटंही फिरलं. डेल्टानं २०१३ मध्ये पिनॅकल ही छोटी कंपनी विकत घेतली, तीच आजची एन्डेव्हर. म्हणजे विकणं हा काही निसर्गनियम नाही. परवडतं तेव्हा विकतात, गरज लागली की परत घेतात.

आता आपल्याकडे या. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ सुरू केला. एवढी जुनी धावपट्टी असूनही मधली कित्येक वर्षं इथं नियमित विमान नव्हतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये छोटी शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेतून मुंबईचं विमान आलं आणि ते फार टिकलं नाही. त्याच डिसेंबरात अलायन्स एअरचं हैदराबाद–कोल्हापूर–बेंगळुरू सुरू झालं. पुढं इंडिगो आली. ट्रूजेट आली आणि २०२२ च्या सुरुवातीला बंदही पडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या घोडावत समूहाच्या स्टार एअरनं मुंबईची सेवा सुरू केली. १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं.

यातली अलायन्स एअर ही १९९६ पासून इंडियन एअरलाइन्सची आणि पुढं एअर इंडियाची उपकंपनी. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली, सोबत एअर इंडिया एक्सप्रेस गेली, पण अलायन्स सरकारकडेच राहिली. एप्रिलच्या मध्यात एअर इंडियानं जाहीर केलं की अलायन्स आता आमची उपकंपनी नाही, तिच्या बुकिंगची चौकशी तिच्याकडेच करा. बातमी चार ओळींची होती. माझ्या लेखी मात्र एअर इंडियाच्या विक्रीत छोट्या शहरांसाठी यापेक्षा मोठी गोष्ट घडली नव्हती. मूळ कंपनी सुटली आणि तिच्या जाळ्याशी बांधणारा धागाही तुटला. आपला रस्ता कॅनडाचा नव्हता, ब्रिटनचा होता.

एका तिकिटाचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांना शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्यांचं सांगतो. जर्मनीला मशिनरीच्या प्रदर्शनाला निघाले होते. कोल्हापूर–मुंबई एका कंपनीचं, पुढचं दुसरीचं, तिकिटं वेगवेगळी. इथलं विमान उशिरा सुटलं आणि पुढचं गेलं. पहिली कंपनी म्हणाली आम्ही तुम्हाला मुंबईत पोचवलं, दुसरी म्हणाली तुम्ही वेळेत आला नाही. नवं तिकीट स्वतःच्या खिशातून. एकाच तिकिटावर असते तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी होती. तेव्हापासून ते आदल्या रात्री पुण्यामार्गे गाडीनं मुंबई गाठतात. असे प्रवासी विमानाला मिळत नाहीत, मग आकडे काढून म्हणतात की कोल्हापूरला मागणी नाही!

उडानमध्ये सरकार आसनांमागं तूट भरून देतं, पण फक्त तीन वर्षं. ती मुदत संपली की काय होतं हे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे. ७७४ मार्ग दिले, ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ नी तीन वर्षं पुरी केली आणि मुदतीनंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. अनुदान देऊन विमान उडवता येतं, पण त्याला पुढच्या विमानांचे प्रवासी मिळवून द्यायचं काम अनुदान करत नाही. ते काम मोठ्या कंपनीशी असलेला करार करतो. म्हणून पुढचं अनुदान देताना अशा कराराची अट घालावी, असं माझं ठाम मत आहे.

एअर इंडिया विकल्यावर उरलेल्या कंपन्याही विकायचं सरकारनं जाहीर केलं होतं, त्यात अलायन्सही होती. तो दिवस येईल तेव्हा 'सरकारी कंपनी विकू नका' असं निवेदन घेऊन कोल्हापूरनं जाऊ नये. घेणाऱ्या कंपनीवर तीन अटी घाला, असं म्हणावं. मोठ्या कंपन्यांशी एका तिकिटाचा आणि सामान थेट पुढं जाण्याचा करार ठरावीक वर्षं बांधून घ्यावा. छोट्या शहरांचे मार्ग बंद करायचे तर सहा महिन्यांची नोटीस हवी. आणि मुंबईतल्या वेळा.

मुंबईतल्या वेळा हे तर मूळ दुखणं. तिथल्या विमानतळावर उतरायच्या-उडायच्या सकाळ-संध्याकाळच्या जागा (स्लॉट) मोठ्या विमानांनी भरलेल्या. सत्तर आसनी विमानाला दुपारची आडवेळ मिळते, तीही बदलत राहते. सकाळी जाऊन रात्री परत येता आलं नाही तर व्यापारी विमानानं का जाईल? नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालंय. तिथं सुरुवातीपासूनच राज्यातल्या छोट्या शहरांसाठी सकाळच्या जागा राखून ठेवायला हव्यात. एकदा मोठ्यांनी धरल्या की परत मिळत नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं बसतंय. म्हणजे आता मुंबईहून इकडं येणारे वकीलही आहेत, दोन्ही बाजूंनी विमान भरू शकतं.

गोशिमा आणि स्मॅक या उद्योजकांच्या संघटना, चेंबर आणि वकील संघटना यांनी मिळून एकच निवेदन खासदारांमार्फत नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला द्यावं, असं मला मनापासून वाटतं. मसुदा मी लिहितो. ज्यांची वेगवेगळ्या तिकिटांमुळे पुढची विमानं चुकली आहेत त्यांनी तारीख, मार्ग आणि झालेला खर्च मला मेसेज करून कळवा, कंपनीचं नाव नसलं तरी चालेल. निवेदनाला तेच जोडायचं आहे.