नव्या कोचला पाण्यात कसे पाहावे

टेक्सासमधल्या आपल्या उपनगरातील हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाला नवा मुख्य प्रशिक्षक मिळाल्याची बातमी आपल्या कानावर आलीच असेल. अशा नेमणुका बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात होतात आणि पहिला सामना ऑगस्ट संपता संपता असतो. मधल्या महिन्यांत कोचने भले किंवा बुरे काहीच केलेले नसते. त्याच्याविषयी कायमचे मत बनवण्यास यासारखा मुहूर्त नाही, कारण एकदा सामने सुरू झाले की वस्तुस्थितीचा अडथळा येऊ लागतो.

सुरुवात जुन्या कोचपासून करावी. गेल्या नोव्हेंबरपर्यंत ज्याला हाकलून द्या म्हणून आपण घसा कोरडा करत होता, तो आता द्रष्टा होता, मुलांचा बाप होता आणि चार वाईट सामन्यांवरून त्याला घालवणे हा कृतघ्नपणा होता, असे बोलू लागावे. हे बोलताना संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण या राज्यात त्याला थोर परंपरा आहे. १९८८ साली ओडेसाचे पर्मियन हायस्कूल मिडलंड लीकडून २२-२१ असे एका गुणाने हरले, तेव्हा कोच गॅरी गेन्स यांच्या घरापुढच्या हिरवळीत ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या रोवण्यात आल्या. पुढच्याच वर्षी गेन्स यांच्या संघाने एकही सामना न गमावता राज्याचे अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर ते महाविद्यालयीन फुटबॉलकडे वळले. २००९ मध्ये त्याच पर्मियनने त्यांना परत आणले आणि चार हंगामांनंतर त्यांनी राजीनामा दिला. यातून घेण्यासारखे एवढेच, की पाट्या फेकून देऊ नयेत. गॅरेजमध्ये कोरड्या जागी ठेवल्यास त्या पुष्कळ टिकतात.

शाळेच्या कॅफेटेरियात नव्या कोचची पालकांशी ओळख करून देण्याचा कार्यक्रम होईल, त्याला अवश्य जावे. तो कुटुंब, परंपरा आणि शिस्त या तीन गोष्टींवर बोलेल, कारण चौथ्या गोष्टीवर बोललेला कोच अद्याप कुणी पाहिलेला नाही. थोडक्यात आटोपले तर तो घमेंडखोर आहे आणि लांबवले तर नुसती बोलाचीच कढी आहे, हे शेजारच्याच्या कानात सांगून ठेवावे. वय तिशीतले असेल तर पोराच्या हाती पोरे दिली म्हणावे. पन्नाशी उलटलेली असेल तर पेन्शनीची सोय पाहायला आला म्हणावे. लहान गावातल्या ३ए गटाच्या शाळेतून आला असल्यास सर्वांत मोठ्या शाळांच्या ६ए गटाचा आवाका त्याला झेपणार नाही, आणि विद्यापीठातून आला असल्यास तो येथे टिकणार नाही. या शेवटच्या भाकितासाठी आपल्याजवळ भक्कम आधारही आहे. ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस हायस्कूलला २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवून देणारे व पुढे अर्कान्सा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झालेले चॅड मॉरिस २०२१ मध्ये अ‍ॅलन हायस्कूलमध्ये आले आणि एका हंगामानंतर पुन्हा विद्यापीठाकडे गेले. एक भाकीत एकदा खरे ठरले की पुढची वीस वर्षे ते बिनदिक्कत वापरता येते.

फ्रिस्को, प्लेनो, अ‍ॅलन या पट्ट्यात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींनी खेळ नवखा आहे म्हणून बिचकू नये. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, म्हणजे ‘डाउन’, मिळतात, एवढे कळले तरी काम भागते. हे कळण्याआधीही मत देता येते, कारण क्रिकेटची निवड समिती घरबसल्या बरखास्त करण्याचा पिढीजात अनुभव आपल्या पाठीशी आहे. शिवाय मैदानावर आपला मालकी हक्कही आहे. अ‍ॅलनच्या मतदारांनी २००९ मध्ये ११.९ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि त्यातून सुमारे सहा कोटींचे, अठरा हजार आसनांचे स्टेडियम २०१२ मध्ये उभे राहिले. मालमत्ता कराचे बिल भरताना चौथ्या डाउनचा निर्णय आपल्याला विचारून व्हावा, असे वाटले तर त्यात वावगे काय?

दोनच वर्षांत त्या स्टेडियमच्या काँक्रीटला तडे गेले आणि २०१४ चा संपूर्ण हंगाम ते बंद राहिले. घरचे मैदान नसतानाही अ‍ॅलनने सोळाच्या सोळा सामने जिंकून सलग तिसरे अजिंक्यपद पटकावले. त्या तीन वर्षांत क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करून चेंडू फेकणारा खेळाडू, होता कायलर मरे, जो मुख्य क्वार्टरबॅक म्हणून ४२ सामने खेळला आणि सगळे जिंकला. जाणत्या चाहत्याची वाटणी येथे कामी येते: जिंकलो तर मुलगा दैवी, हरलो तर कोच नालायक. अ‍ॅलन मरेच्या त्या ४२ सामन्यांत एकदाही हरले नाही, त्यामुळे या हिशेबाने कोच टॉम वेस्टरबर्ग यांनी त्या काळात काहीच केले नाही असे निघते, पण हिशेब तो हिशेब.

शुक्रवारी संध्याकाळी अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर गादी टाकून, मांडीवर चीज ओतलेले नाचोज घेऊन बसावे. खाली कोच हेडसेटवर बोलत असेल आणि प्रतिस्पर्ध्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून त्याने लॅमिनेट केलेला डावपेचांचा तक्ता तोंडापुढे धरलेला असेल. तो काय लपवतो आहे, असे मोठ्याने विचारावे. चौथा डाउन आणि दोन यार्ड बाकी असताना मात्र घाई करू नये; चेंडू पडेपर्यंत तोंडात नाचो ठेवावा. कोचने पंट केली, म्हणजे चेंडू लाथेने दूर धाडून प्रतिस्पर्ध्यांना दिला, तर तो भेकड. धाव घेतली आणि अडली तर तो जुगारी. धाव घेतली आणि यशस्वी झाली तर इतका वेळ हे का सुचले नाही, असे म्हणावे. आपले चिरंजीव संघात नसून मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, ही बाब चर्चेत आणण्याची आवश्यकता नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला स्वतःची शेळी असावी लागते, असा नियम नाही.

मुलगा संघात असेलच, तर काम वाढते. रविवारी तासाच्या हिशेबाने पैसे घेणारा खासगी शिक्षक त्याला शिकवतो आणि सोमवारी कोच ते सगळे बिघडवतो, हे आल्यागेल्याला सांगत राहावे. शाळा बदलण्याची धमकी जरूर द्यावी, पण कारण शैक्षणिक सांगावे. टेक्सासच्या आंतरशालेय स्पर्धांचा कारभार पाहणाऱ्या यूआयएलला बदल खेळासाठी झाला असे वाटले, तर मुलाला किमान एक वर्ष व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाबाहेर बसावे लागते. बीजगणितात सत्तरच्या खाली गुण पडून ‘पास नाही तर खेळ नाही’ या १९८४ च्या कायद्याखाली तो तीन आठवडे बाहेर बसला, तर त्याचाही दोष कोचवर टाकता येतो: त्याने शिक्षकांशी आधी बोलून का ठेवले नाही? हा कोच स्वतः सकाळी इतिहासाचे तास घेतो आणि दुपारी तुमच्याच थोरल्या मुलीच्या वह्या तपासतो, हे अशा वेळी आठवू नये.

स्कूल बोर्डाच्या सभेत नागरिकांना बोलायला दोन-तीन मिनिटे मिळतात. ‘माझे व्यक्तिशः कोणाशीही वैर नाही’ या वाक्याने आरंभ करावा आणि उरलेला वेळ वैरासाठी वापरावा.

खरी कसोटी लागते ती नवा कोच जिंकू लागला तर. दहा साखळी सामने, मग बाद फेरीच्या पाच लढती, आणि डिसेंबरात आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियमवर अंतिम सामना, असा पल्ला त्याने पार केला आणि शेवटच्या मिनिटाला तीन गुणांनी चषक आणला, तर गोंधळून जाऊ नये. आजूबाजूचे लोक एकमेकांना मिठ्या मारत असतील. आपण गादी गुंडाळत शांतपणे विचारावे, ‘एवढे खेळाडू हाताशी असताना फक्त तीन?’